साहेबांच्या दातांतली फट

साहेबांनी तोंड उघडलं तशी दिवाणखान्यातली सगळी मंडळी पुढे वाकली. एकटे दातवाले मागे सरकले आणि चहाच्या कपात बघत बसले. कपातला चहा कधीच संपला होता.

"हा इथे एक, आणि हा शेजारी दुसरा," साहेब ओठ वर उचलून सांगत होते. वरचे पुढचे दोन दात जिथे असायला हवेत तिथे नुसती गुलाबी हिरडी होती आणि तिच्यात दोन बारीक चकत्या चमकत होत्या. "थेट हाडात बसवलेत. परदेशी स्क्रू. मी जाईन एक वेळ, पण हे जायचे नाहीत."

ताईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, लगेच मोबाइलवर एक्स-रेचा फोटो उघडला आणि तो हातोहाती फिरला. घरात नातू झाल्यासारखं कौतुक चाललं होतं. कुणी म्हणालं, स्क्रू अगदी सरळ गेलेत. ज्याने हे म्हटलं त्याला घरातलं कॅलेंडर सरळ टांगता येत नव्हतं.

दातवाले हे साहेबांचे साडू. साहेबांना थोरली बहीण दिली, दातवाल्यांना धाकटी. साडू हे नातं मोठं अवघड असतं. भाऊ असला तर भांडता येतं, मित्र असला तर सोडता येतो. साडूशी माणसाची फक्त तुलना होते, आणि तीही आपण करत नाही, आपली बायको करते. साहेब बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. दातवाले अठ्ठावीस वर्षं एका डेंटल लॅबमध्ये दात बनवत होते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि दातवाले त्या मापाच्या कॅपा, दात, कवळ्या करून द्यायचे. निम्मं शहर त्यांच्या हातच्या दातांनी जेवत होतं आणि त्यांतल्या एकालाही ते माहीत नव्हते. लोकांना डॉक्टर माहीत असतात.

याचं त्यांना कधी फारसं वाईट वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते चार महिन्यांपूर्वी, साबण उचलायला वाकलेल्या साहेबांचं तोंड वॉशबेसिनच्या नळावर आपटलं तेव्हापासून. पुढचे दोन्ही दात, जुन्या कॅपांसकट, मुळातून गेले. दातवाले त्याच संध्याकाळी धावत गेले होते. आठ दिवसांत स्वतःच्या हाताने प्लेट करून देतो, घरचंच काम आहे, असं त्यांनी अगदी मनापासून सांगितलं होतं.

"छे, छे. ती काढायची-घालायची भानगड नको," साहेब तोंडावर रुमाल धरून म्हणाले होते. "मी इम्प्लांट करणार. ते शास्त्रच वेगळं आहे, दातवाले. तुमच्या लाइनमध्ये नाही येत ते."

आता खरी गोष्ट अशी, की हाडात बसवलेल्या त्या स्क्रूवर जो दात चढतो, तो लॅबमध्येच तयार होतो, आणि त्यांच्या लॅबमधले असे सगळे दात दातवालेच करत. साहेबांच्या डॉक्टरांचे तर सगळेच. पण हे डॉक्टर म्हणजे लॅबचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि पेशंटना ते सांगत की तुमचे दात परदेशातून बनून येतात. लॅबच्या मालकांनी चारही कारागिरांना समोर बसवून बजावलं होतं, की बाहेर ज्याचं तोंड उघडेल त्याने दुसऱ्या दिवशी घरीच बसायचं. तेव्हा दातवाले साहेबांना नुसतं 'बरं' म्हणाले आणि घरी आले. येताना वाटेत त्यांनी तीन वेळा दातओठ खाल्ले.

बायकोने घरी आल्यावर फक्त एवढंच म्हटलं, "भाऊजींनी मनात आणलं आणि केलं."

यातला मार कुठे होता ते दातवाल्यांना बरोबर कळलं. सात वर्षांपूर्वी बायकोचा वरचा एक दात गेला होता, डाव्या बाजूचा, सुळ्याच्या मागचा. दातवाले म्हणाले होते, डॉक्टर-बिक्टर कशाला, मीच करतो, येत्या रविवारी. तो रविवार काही आला नाही. आठवडाभर परक्यांचे दात घडवून आल्यावर सातव्या दिवशी पुन्हा दात बघायची माणसाला इच्छा होत नाही. बायकोने चार-सहा वेळा आठवण केली, मग सोडून दिली. ती उजव्या बाजूने हसायला शिकली, फोटोत मान वळवायला शिकली, आणि फारच हसू आलं तर तोंडावर हात ठेवायला शिकली. दातवाल्यांना ते दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच ते तिकडे बघायचं टाळत होते.

ते चार महिने साहेबांच्या जबड्यातलं हाड स्क्रूला धरत होतं आणि दातवाल्यांच्या पोटात दुखत होतं. दर पंधरा दिवसांनी ताईंचा फोन यायचा. हाड छान धरतंय, डॉक्टर म्हणाले या वयात असं हाड बघितलं नाही. दातवाल्यांची बायको फोन ठेवून ते शब्द जसेच्या तसे नवऱ्याला ऐकवायची. साहेबांच्या हाडाचंसुद्धा कौतुक सहन करावं लागेल असं दातवाल्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यातून आणखी एक भर पडली. निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने साहेबांना अध्यक्ष निवडलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सभा, तिथे साहेबांचं भाषण. ते नव्या दातांनीच करायचं, असं ठरलं.

सभेला अकरा दिवस उरले असताना लॅबमध्ये तो डबा आला.

डब्यावर नाव नव्हतं. हे डॉक्टर नाव कधीच लिहीत नसत. फक्त नंबर, वय आणि दातांची शेड. दातवाल्यांनी झाकण उघडून जबड्याचे दोन साचे बाहेर काढले, आणि खालचा साचा हातात घेताच ते थबकले. खालच्या पुढच्या दातांतला एक दात दरवाज्यात अंग चोरून उभा राहिल्यासारखा आडवा उभा होता. हा दात सव्वीस वर्षं जेवणाच्या टेबलापलीकडून त्यांना उपदेश करत आला होता. तो त्यांनी झोपेतही ओळखला असता.

दातवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग साचा टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. साहेब आज पहिल्यांदाच त्यांच्यासमोर गप्प होते.

काहीतरी करायचं हे पाच मिनिटांत ठरलं. काय करायचं हे ठरायला तीन दिवस गेले. पहिल्यांदा त्यांनी शेड एका नंबरने पिवळी धरायचा विचार केला, आणि ब्रश हातात घेतल्यावर हात आपोआप बरोबर रंगाकडेच गेला. मग एक दात किंचित तिरका बसवायचा ठरवला. तोही दोनदा तिरका करून दोनदा सरळ झाला. अठ्ठावीस वर्षांत हाताला वाईट काम करायची सवयच लागली नव्हती, आणि आता ऐनवेळी ती कुठून आणणार. शेवटी त्यांना मार्ग सापडला. दात दोन्ही उत्तम करायचे, अगदी बघत राहावे असे. फक्त दोघांच्या मध्ये एक फट ठेवायची. तांदळाचा दाणा आडवा जाईल एवढी.

त्यामागे हिशोब होता. फट बघून डॉक्टर चिडणार आणि काम परत पाठवणार. परत आलेलं काम रांगेत शेवटी लागतं, ते पुन्हा करून जायला पंधरा दिवस. सभा आठ दिवसांवर. म्हणजे साहेबांना तात्पुरत्या प्लॅस्टिकच्या दातांनी, त्या काढायच्या-घालायच्या भानगडीनेच भाषण करावं लागणार. दातवाल्यांना बाकी काही नको होतं. एवढी एक सभा पुरे होती.

भट्टीतून दात बाहेर आले आणि साच्यावर चढले, तेव्हा नेमके मालक मागे येऊन उभे राहिले.

"हे मध्ये काय आहे?"

"फट आहे," दातवाले म्हणाले. खोटं बोलायची वेळ आली की ते आधी थोडं खरं बोलून घेत.

"ते मलाही दिसतंय. कशाला?"

"पेशंटला आधी होती. जुना फोटो पाठवला होता ना डॉक्टरांनी, तरुणपणाचा. त्यात आहे."

मालकांच्या मोबाइलवर दिवसाला चाळीस तोंडांचे फोटो येत. त्यांतला कुठला कुणाचा हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं, आणि ते मान्य करायची त्यांची तयारी नव्हती. "हां, हां, तो फोटो," असं म्हणून त्यांनी डब्यातल्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहिलं: पेशंटच्या तरुणपणीच्या फोटोप्रमाणे फट ठेवली आहे. डबा गेला. दातवाले त्या दिवशी घरी जाताना गुणगुणत होते, असं नंतर त्यांच्या बायकोने सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. तो पाऊण तास चालला. दातवाले पेपर उघडून बसले होते, पण त्यांनी एवढ्या वेळात पान उलटलं नाही. बायको नुसती "काय सांगतेस", "अगं बाई", "हो?" एवढंच बोलत होती. शेवटी तिने फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. आता साहेबांचं काम बिघडल्याचं ऐकायला मिळणार म्हणून दातवाल्यांनी चेहरा आधीच दुःखी करून ठेवला.

मग बायकोने जे सांगितलं ते असं. ताईंचं लग्न ठरलं तेव्हा साहेब बँकेत साधे कारकून होते आणि त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती. ताईंनी याआधी दोन स्थळं नाकारली होती. साहेब बघायला आले, काहीतरी बोलताना हसले, आणि ती फट बघून ताईंनी आईला आत जाऊन सांगितलं की हाच. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच साहेबांना बढती मिळाली. अधिकाऱ्याच्या दातांत फट बरी दिसत नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि दोन कॅपा बसवून ती बुजवून टाकली. ताई काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर हा माणूस हसला तरी साहेबच हसतोय असं वाटायचं, असं त्यांनी आज, एकेचाळीस वर्षांनी, धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं.

दातवाले या घरात जावई म्हणून आले तेव्हा कॅपा जुन्या झाल्या होत्या. फटीची गोष्ट त्यांना कुणी कधी सांगितलीच नव्हती.

"आज डॉक्टरांनी दात बसवून हातात आरसा दिला," बायको सांगत होती, "आणि ताई तिथेच रडायला लागली. भाऊजी तर आरसा खालीच ठेवेनात. मग डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून दाखवली. तरुणपणीच्या फोटोप्रमाणे, म्हणे. अहो, त्या लोकांनी तिकडे परदेशात बसून भाऊजींचा जुना फोटो शोधून काढला. माणसं काम कसं करतात बघा."

"डॉक्टर काही म्हणाले नाहीत?" दातवाल्यांचा आवाज जरा खोल गेला होता.

"म्हणाले ना. आम्ही प्रत्येक पेशंटचा असाच अभ्यास करतो म्हणाले."

डॉक्टरांनी कुठलाही फोटो पाठवला नव्हता. पण रडणाऱ्या बाईसमोर हे कबूल करायला तेही काही वेडे नव्हते. दातवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी मनोभावे केलेलं वाईट काम भलतंच चांगलं ठरलं होतं, आणि त्याचं श्रेय एका अस्तित्वात नसलेल्या परदेशी माणसाला गेलं होतं. बोलायची सोय नव्हती. मी केलं म्हणावं तर नोकरी जाणार, आणि फोटो कुठे पाहिलात असं कुणी विचारलं तर अब्रूही.

तरी एक आशा उरली होती. पुढच्या दातांत फट असली की 'स' म्हणताना वारा निसटतो आणि बारीक शीळ वाजते, हे दात करणाऱ्या माणसाला माहीत असतं. साहेबांनी भाषण आधीच लिहून ठेवलं होतं आणि ते सगळ्या नातेवाइकांना एकदा वाचूनही दाखवलं होतं. त्यात सन्माननीय सभासद होते, सचोटी होती, सेवा होती, संघटनेचे संस्थापक होते. दातवाल्यांनी घरी बसल्या बसल्या आठवून मोजले, तर पहिल्या पानातच सव्वीस 'स' निघाले. इतकी वर्षं ते अशा कार्यक्रमांना डोकेदुखीचं कारण सांगून जात नसत. या रविवारी ते बायकोच्या आधी तयार होऊन दारात उभे राहिले.

सभागृहात दोनशे माणसं असतील. दातवाल्यांनी तिसऱ्या रांगेतली खुर्ची धरली. साहेब उठले, माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "सन्माननीय सभासद..."

दोन्ही शब्दांना माइकमधून खणखणीत शीळ गेली. पहिल्या रांगेत कुणीतरी हसू दाबलं. दातवाल्यांनी पाय लांब केले आणि पुढचं ऐकायला आरामात बसले. साहेब थांबले, त्यांनी कागद खाली ठेवला, सभागृहाकडे पाहिलं आणि म्हणाले, "माफ करा. दात नवे आहेत, अजून त्यांना शिस्त लागली नाही. तुम्हाला मी साहेब म्हणून माहीत आहे. ही शीळ ज्याची आहे तो आपल्या शाखेतला कारकून होता. आज तोच बोलणार आहे असं दिसतंय."

आणि मग तो कारकून बोलला. चाळीस वर्षांत ज्या माणसाच्या विनोदाला हाताखालचे लोक केवळ पगारासाठी हसले, त्याने अर्धा तास सभागृह लोळवलं. प्रत्येक शिळेला टाळी. मागचे लोक उभे राहून ऐकायला लागले. दातवाल्यांची बायको तोंडावर हात ठेवून इतकी हसली, की तिच्या खांद्यांकडे बघून शेजारच्या बाईला ती रडते आहे असं वाटलं. दातवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना फार वाईट वाटलं, अगदी आतून. नात्यागोत्यात त्यांच्याकडे मिरवायला एकच गोष्ट होती. हुद्दा नव्हता, फ्लॅट मोठा नव्हता, पण चार माणसांत हसवावं ते दातवाल्यांनीच. आता तीही साहेबांकडे गेली होती, आणि ती दातवाल्यांनी स्वतःच्या हाताने घडवून, भट्टीत भाजून, डब्यात घालून पोचती केली होती.

घरी परतताना बायको वाटभर जिभेने दातांतली रिकामी जागा चाचपत होती. जिना चढता चढता म्हणाली, "मीपण त्याच डॉक्टरांकडे जाणार आहे."

"अगं, पण मी रविवारी..."

"तुमच्या रविवारची सात वर्षं वाट बघितली. आता मला त्या परदेशातल्या माणसाकडून दात हवाय. ज्याने ताईचा नवरा ताईला परत दिला, त्याच्याकडून. डॉक्टरांना तसं सांगणारच आहे."

ती खरोखर गेली आणि तिने खरोखर तसं सांगितलं. पुन्हा स्क्रू, पुन्हा एक्स-रे, पुन्हा चार महिने. या चार महिन्यांत त्या परदेशी कारागिराचं घरात जेवढं नाव निघालं तेवढं सव्वीस वर्षांत दातवाल्यांचं निघालं नव्हतं. तो निवांत काम करत असेल. त्याला माणसाची कदर असेल. तो बायकोला कधी ताटकळत ठेवत नसेल. दातवाल्यांना तो आता डोळ्यांसमोर दिसायला लागला होता: उंच, शांत, हात स्वच्छ, रविवारी उत्साही. ते त्याच्यावर इतके जळत होते की काही वेळा आपण नक्की कुणावर जळतोय हे त्यांना स्वतःला बजावून सांगावं लागे, आणि सांगूनही काही फरक पडत नसे.

मग एका सकाळी डबा आला. नंबर, वय, शेड. खाली डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ: मागचे फटीचे दात ज्याने केले त्यानेच हे काम करावे, पेशंटचा आग्रह आहे.

दातवाल्यांनी त्या डब्याला त्या दिवशी कुणाला हात लावू दिला नाही. एका दाताला एरवी दोन दिवस लागतात, त्यांनी सहा घेतले. मालक दोनदा येऊन बघून गेले. शेजारच्या सुळ्यावर वरून खाली जाणारी एक अगदी बारीक पांढुरकी रेघ होती, उजेड आडवा पडला तरच दिसणारी. ती साच्यात येत नाही, डॉक्टरांच्या फोटोत येत नाही. ती दिसायला त्या बाईच्या समोर बसून वर्षानुवर्षं चहा प्यावा लागतो. दातवाल्यांनी नव्या दातावर तिची जोडरेघ काढली, इतकी हलकी की ब्रशला रंग लागलाय की नाही ते कळू नये. ती काढताना त्यांचा राग कुठे गेला होता कोण जाणे. दात भट्टीत गेल्यावर तो परत आला.

बायको दात बसवून आली ती संध्याकाळ. दातवाले दार उघडून तसेच उभे राहिले.

"कसा झाला?" त्यांनी शक्य तेवढ्या बेफिकीर आवाजात विचारलं.

ती सरळ आत गेली, खिडकीपाशी उभी राहिली आणि छोटा आरसा काढून बघायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "शेजारच्या दातावर एक रेघ आहे माझ्या. मलाही फार कधी दिसत नाही. त्याने तीसुद्धा काढलीय. अहो, इतकं बारीक माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नाही."

हे मात्र दातवाल्यांच्या सहनशक्तीपलीकडचं होतं.

"कुणी नाही कसं?" ते म्हणाले. "मी बघितलंय. तो दात मी केलाय. तुझा मीच केलाय आणि साहेबांचेही मीच. परदेश-बिरदेश काही नाही. आमच्या लॅबमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर."

बोलून झाल्यावर त्यांना मोकळं वाटलं. आता ती चकित होईल, मग तिला भरून येईल, मग ती जवळ येईल, अशा क्रमाने त्यांनी वाट बघितली. बायको आरसा मिटून स्टुलावर बसली. ती चकित वगैरे झाली नव्हती. ती विचार करत होती, आणि सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून ही चांगली खूण नव्हती.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "असा दात तुम्हाला येत होता. सात वर्षं येत होता."

दातवाल्यांची दातखीळ बसली.

"डॉक्टरांच्या डब्यातून गेले तेव्हा आठवड्यात झाला. नुसती घरात होते तेव्हा सात वर्षांत नाही झाला."

"चुकलं," दातवाले म्हणाले.

"आणि भाऊजींची ती फट? तो फोटो तर ताईच्या कपाटात आहे. तुम्ही कधी बघितला?"

दातवाल्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीत कुणीतरी चादर झटकत होतं. ती झटकून, घडी करून, आत नेईपर्यंत त्यांनी तिकडे पाहिलं. मान वळवली तेव्हा बायको त्यांच्याकडेच बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर सगळा उलगडा होत चालला होता: सभेची तारीख, ते गुणगुणणं, तिसऱ्या रांगेतली खुर्ची.

"तुम्ही भाऊजींची फजिती करायला गेला होतात," ती म्हणाली.

आणि ती हसायला लागली. आधी उजव्या बाजूने, मग सगळीच. हात मांडीवरच राहिला, तोंडावर गेला नाही. ती पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. डावीकडचा तो दात उजेडात आला आणि शेजारच्या दातात असा मिसळून गेला की तो घडवणाऱ्यालाही क्षणभर शोधावा लागला. सात वर्षांत दातवाल्यांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. साहेबांना दोनशे माणसं हसवता आली होती, पण हिचा हात त्यांनाही खाली आणता आला नव्हता. दातवाले उभ्या उभ्या सुखावले. ती आपल्यालाच हसते आहे हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावरही त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

हसणं ओसरल्यावर तिने स्पष्ट सांगून टाकलं, की ताईला यातलं काही कळता कामा नये. ताईला तिचा नवरा परदेशातून आलाय, तो तसाच राहू दे. दातवाल्यांनी मान डोलावली. आपल्या आयुष्यातली सगळ्यात मजेदार गोष्ट आपल्याला कधीच कुणाला सांगता येणार नाही, हेही त्यांनी गिळलं.

ती चहा ठेवायला आत गेली. दातवाले तिच्या मागोमाग गेले आणि ओट्याशी घुटमळले. त्यांना अजून एक गोष्ट ऐकायची होती.

"म्हणजे आता कळलं ना," ते म्हणाले, "तो परदेशातला माणूस वगैरे कुणी नाही."

"कळलं," ती म्हणाली. तिने जिभेने हळूच नवा दात चाचपून पाहिला आणि एक बारीक उसासा टाकला. "पण होता तोवर फार चांगला होता हो. कधी रविवारवर ढकललं नाही त्याने."

 दातवाल्यांनी गुपचूप दोन कप काढून ओट्यावर ठेवले, आणि त्या माणसाचा त्यांना पुन्हा एकदा मनापासून हेवा वाटला.